पाच दाबांची सरासरी

निरीक्षकांनी ठरवलं होतं ते तसं फार मोठं काही नव्हतं. बायकोच्या नव्या औषधावर जरा लक्ष ठेवायचं, बस्स. आता नवऱ्याने बायकोच्या औषधावर लक्ष ठेवणं ही खरं तर कौतुकाची गोष्ट. पण आमच्या निरीक्षकांचं लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे ज्याच्या दुकानात तराजू आहे त्याला विचारा.

वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची उभी हयात गेली. किराणा दुकानातली वजनं, कापडवाल्याची मोजपट्टी, पेट्रोल पंपाची नळी, सगळं तपासायचं त्यांचं काम. बाजारात त्यांना 'काटा' म्हणत. काटा येतोय म्हटलं की तागडीवर टेकलेले अंगठे आपोआप उचलले जायचे. माणूस सरळ होता हो, एका पैशाचा मिंधा नव्हता. फक्त त्यांचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. केळी मोजून घ्यायचे, आणि मोजून डझन भरलं की त्यातलं एक लहान का, असं विचारायचे. घरात कुणाला ताप आला तर थर्मामीटर आधी स्वतःला लावून बघायचे, तो नीट चालतोय ना म्हणून. (तोवर बऱ्याचदा ताप उतरायचा.)

त्यांची बायको शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी तिचं मशीन. तिच्या हातचा कोट घातला की पोट सुटलेला माणूससुद्धा उमदा दिसायचा. काही वर्षांपूर्वी तिला मज्जातंतूंचा आजार जडला, एम.एस. म्हणतात तो. विजेच्या तारेवरचं रबर जागोजागी खरवडलं जावं तसं आतल्या तारांचं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. हात शाबूत, नजर शाबूत, पण पायांनी असहकार पुकारला. स्नायू आवळून नुसतं लाकूड व्हायचं, मध्येच झटके यायचे, पोटऱ्यांत असे पेटके यायचे की ती तोंडात पदराचा बोळा धरून रडायची. त्यात उजवा पाय म्हणजे मशीनच्या पेडलवरचा पाय. झटका आला की पेडल खाली आणि मशीन सुसाट. एकदा तर निरीक्षकांच्याच कोटाची बाही शिवता शिवता पाय सुटला आणि बाही, तिचं अस्तर आणि टेबलावर अंथरलेला कपडा यांचं मिळून एकच वस्त्र तयार झालं. (निरीक्षकांनी नंतर टाके तपासले. सरळ होते.)

बाकी गोळ्या झाल्या, व्यायाम झाले. काहींनी गुण नाही आला, काहींनी नुसती झोप आली. शेवटी बायकोने मनावर दगड ठेवून सांगून टाकलं, "या महिन्यात फरक पडला नाही तर मशीन भाचीला देते. ती शिकलीय, तिच्या उपयोगी पडेल. मला ते समोर बघवत नाही." भाचीला निरोपही गेला. महिनाअखेरीस ती टेम्पो घेऊन येणार होती.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी ते औषध काढलं.

"हे तोंडात फवारायचं," त्या म्हणाल्या. "जिभेखाली किंवा गालाच्या आत. दर वेळी जागा बदलायची. कमीपासून सुरुवात, मग हळूहळू वाढवायचं. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, म्हणून महिनाभर घेऊन बघायचं. रोज संध्याकाळी ताठरपणाला शून्य ते दहामधला आकडा द्यायचा. आकडा पुरेसा उतरला तर चालू ठेवू, नाहीतर बंद."

"कशाचं आहे हे?" निरीक्षकांनी विचारलं.

"गांजाच्या झाडापासून काढलेलं."

निरीक्षक खुर्चीवरून उठले आणि उगाचच दार लावून आले.

"गांजा? म्हणजे तो... गांजा?"

"औषध आहे ते. मोजून मापून बनवलेलं. यात चिलीम नाही की धूर नाही."

"पण नशा?"

"ठरलेल्या मात्रेत फारशी नाही. चक्कर येऊ शकते, तोंड कोरडं पडतं, थोडी गुंगी येते. भूक वाढते कधीकधी. कुणाला उगाच हसू येतं, कुणाला उगाच संशय येतो. तसं काही दिसलं तर मला कळवायचं. आणि हो, याच्यावर सरकारचं नियंत्रण असतं. महिन्याला लागेल तेवढंच मिळतं. बाटल्या आधी संपल्या तर मध्येच दुसऱ्या मिळणार नाहीत."

बायकोने बाटल्यांचा खोका दोन्ही हातांनी छातीशी धरला. निरीक्षकांनी मात्र त्यावरचा बारीक मजकूर वाचायला घेतला, आणि एका ओळीवर त्यांची नजर थबकली. 'प्रत्येक दाबाला ठरलेली मात्रा.'

"ठरलेली!" घरी येईपर्यंत ते पुटपुटत होते. "कुणी ठरवली? कुणी तपासली?"

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. अर्थातच गुपचूप. तपासणी काही आधी कळवून करायची नसते, हा खात्याचा पहिला नियम. सकाळी बायको अंघोळीला जायची. पायांमुळे तिला तिथे वेळ लागायचा. सासूबाई दूध आणायला खाली उतरायच्या. (लेकीच्या मदतीला म्हणून सासूबाई इथेच राहत होत्या.) तेवढ्यात निरीक्षक कपाटातून बाटली काढायचे, सोनाराकडे असतो तसला आपला बारका काटा ओट्यावर मांडायचे, त्यावर एक छोटीशी वाटी ठेवायचे आणि बाटलीची कळ दाबायचे. एकदा नाही, पाचदा. एका मापावर भरवसा ठेवायचा नसतो, पाचांची सरासरी काढायची असते. हा खात्याचा दुसरा नियम. सरासरी रोज बरोबर यायची, आणि त्यामुळे निरीक्षकांचा संशय रोज वाढायचा. इतकं बरोबर माप कुणी देतं का कधी?

मग ते बाटली पुसून जागेवर ठेवायचे, वाटी चुलीशेजारी सोडायचे आणि दाढीला बसायचे.

आता सासूबाईंचं ऐका. त्या बाईंच्या हातून आयुष्यात काही वाया गेलं नव्हतं. उसवलेल्या शिवणीचे दोरे त्या रिळाला गुंडाळून ठेवायच्या. साबणाचे तुकडे एकमेकांना चिकटवून नवा साबण करायच्या. त्या दूध घेऊन वर आल्या, तर ओट्यावर वाटी आणि वाटीत थेंबभर काहीतरी. वास घेतला. पुदिना! खाली थोडा ओल्या गवतासारखा वास, पण वर पुदिनाच. सासूबाईंना सगळा उलगडा झाला. जावईबापूंना गॅसचा त्रास आहे, कसलासा अर्क काढून ठेवतात बिचारे आणि घाईत घ्यायचा विसरतात. आता जावयाच्या गॅसबद्दल जावयाशी बोलायचं कसं? त्यांनी वाटी चहात उलटी केली, वर दोन चमचे चहाने विसळून तेही कपात ओतलं आणि गुपचूप कप पुढे केला. आणि मग रोजच करत राहिल्या.

तुम्हाला कळलं. मलाही कळलं. काट्याला कळलं नाही.

त्यांना कळलं ते एवढंच, की चहाला हल्ली पुदिन्याचा वास येतो. त्यांनी लगेच दूधवाल्याला धरलं. "दुधात काय घालतोस?" दूधवाला शपथा घ्यायला लागला. निरीक्षकांनी दुधाची घनता तपासली, ती बरोबर निघाली, आणि दूधवाला फारच हुशार आहे अशी त्यांची खात्री पटली.

औषधाला आठवडा झाला नि घरात लक्षणं दिसू लागली. निरीक्षकांना सगळी दिसली. एके संध्याकाळी बायको खिडकीशी बसून गुणगुणत होती. गुणगुणत! किती तरी महिन्यांनी.

"काय गं, काय झालं?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

"कुठे काय? काल पोटरीत पेटका आला नाही. झोप लागली छान." ती हसली.

हसली. निरीक्षकांनी मनात खूण केली. उगाच हसू.

"आज किती वेळा फवारलंस?"

तिने आकडा सांगितला. ते बाटली घेऊन आतल्या खोलीत गेले, दार लोटलं, काट्यावर बाटली चढवली. काल संध्याकाळचं वजन त्यांना तोंडपाठ होतं. त्यातून बायकोने सांगितलेले दाब वजा केले. आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. माल कमी भरत होता! थोडाथोडका नाही, चांगला सणसणीत कमी.

आता कुणीही म्हणेल, अहो, सकाळचे तुमचे पाच दाब? पण ते पाच दाब निरीक्षकांच्या डोक्यातच नव्हते. पेट्रोल पंपावर तपासणीसाठी मापात पेट्रोल काढायचं, रेषेला टेकतंय का बघायचं आणि परत टाकीत ओतायचं, हे त्यांनी जन्मभर केलेलं. तपासणीचा माल हिशेबात धरायचा नसतो, तो परत टाकीत जातो. खात्याचा हा तिसरा नियम त्यांच्या हाडांत इतका मुरला होता की इथे टाकीत कुणी ओतलं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

म्हणजे कुणीतरी घेतंय. बायको जास्त घेते, नाहीतर सासूबाई चोरून घेतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात. आणि हल्ली त्या जावयाकडे बघून मायेने हसतातसुद्धा! (त्या गॅस बरा झाला का ते बघत होत्या.)

त्यात पाव गायब होऊ लागला. सकाळी आणलेली अख्खी लादी संध्याकाळी नाही. बिस्किटांचा डबा ठणठणीत. उकडून ठेवलेले बटाटे नाहीसे. वाढलेली भूक! लक्षण पक्कं झालं. एका रविवारी त्यांनी सासूबाईंना भर स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, पाव कुणी खाल्ला?"

"तुम्ही."

"मी? कधी?"

"आत्ता. हातात आहे की तुमच्या शेवटचा तुकडा."

निरीक्षकांनी हाताकडे पाहिलं. होता. लोणी लावलेला. पुरावा नष्ट करावा म्हणून त्यांनी तो तोंडात टाकला आणि तो इतका, इतका चविष्ट लागला की त्यांना काय विचारायचं होतं तेच आठवेना.

त्याच रविवारी बायको मशीनवर बसली. शेजारच्या मास्तरीणबाईंचा कोट उसवला होता, तो तिने हिंमत करून घेतला. पाय पेडलवर टेकवला. पाय थरथरला, पण उडाला नाही. मशीन टकटक टकटक करत शहाण्यासारखं चालू लागलं. निरीक्षक पाळत ठेवायला म्हणून समोर खुर्ची टाकून बसले. आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

"किती सरळ जातो गं तुझा टाका," ते म्हणाले. "एकामागून एक, एकामागून एक. कुणी कुणाला ढकलत नाही."

बायकोने मशीन थांबवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला अशी दाद मिळत होती. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? दे, पाय दे इकडे." आणि त्यांनी खरोखर तिचा पाय मांडीवर घेतला नि पोटरी चेपत बसले. मनात म्हणत होते, स्नायू किती सैल झालाय ते बघतोय, ही सगळी तपासणीच आहे. पण चेहऱ्यावर असं काही हसू होतं, की दारातून बघणाऱ्या सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

बाजारात मात्र हाहाकार झाला होता. त्यांच्यासमोर पहिला सापडला तो कांदेबटाटेवाला. निरीक्षक त्याच्या दुकानात शिरले, तराजूपुढे उभे राहिले आणि काट्याकडे बघत बसले. बघतच बसले.

"साहेब," दुकानदार घाबरून म्हणाला, "काही चुकलंय का?"

"बिचारा," निरीक्षक म्हणाले. "दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे. थकत असेल नाही?"

"कोण साहेब?"

"काटा."

आणि ते हसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून, आपली दाढ दिसेल एवढं. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या माणसाला वीस वर्षांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं, तो हसला! याच्यात नक्की काहीतरी डाव आहे. दुपारपर्यंत सगळ्या बाजारात बातमी गेली. काटा हसत हिंडतोय, म्हणजे वरून मोठी धाड येणार. लोकांनी जुनी वजनं बदलली, तराजूंना तेल दिलं, एका पठ्ठ्याने तर गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून जास्तीचा माल घातला. निरीक्षक ज्याला त्याला विचारत होते, "सगळे माझ्याकडे असे का बघतात?" आणि मनातल्या मनात त्यांना वाटत होतं, अख्खा बाजार मिळून माझ्यावर पाळत ठेवतोय. तेवढं एक मात्र त्यांचं खरं होतं.

असे दिवस मजेत चालले होते, आणि मग डॉक्टरीणबाईंकडे जायला थोडेच दिवस उरले असताना शेवटची बाटली संपली.

सकाळी बायकोने कळ दाबली. नुसती हवा. पुन्हा दाबली. फुस्स. ती तशीच पलंगावर बसून राहिली. औषधवाल्याकडे निरोप धाडला, तर त्याने कानांवर हात ठेवले. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय थेंब मिळणार नाही.

निरीक्षकांच्या दृष्टीने ही मुद्देमालासकट अटक होती. त्यात त्या दिवशी वाटी नाही, म्हणून चहात पुदिना नाही. चहा बेचव, डोकं जड, आणि समोरची प्रत्येक गोष्ट खोटं बोलतेय असं त्यांना वाटत होतं. ते बायकोसमोर उभे राहिले.

"मला माहीत होतं. रोज माल कमी भरत होता. मी वजन करत होतो."

"वजन? माझ्या औषधाचं?"

"तू सांगतेस एक आणि घेतेस एक. ही नशाच तशी. खरं सांग, मी रागावणार नाही."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "दुखून दुखून जीव चाललेला असायचा ना, तेव्हासुद्धा मी एक दाब जास्त घेतला नाही," ती म्हणाली. "का माहितीय? मला ते मशीन हवं होतं. सांगितलंय तस्संच केलं तर पाय सुटतील, एवढाच ध्यास होता मला. आणि तुम्ही मला अंगठा मारणाऱ्या वाण्याच्या रांगेत बसवलंत." ती रडली नाही. उठली, भिंत धरून पुढच्या खोलीत गेली, आणि पुढचे दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही.

पाय मात्र बोलू लागले. दोनच दिवसांत पोटऱ्या पुन्हा आवळल्या. तिने मास्तरीणबाईंचा कोट पुरा करायला घेतला, तर झटका आला आणि सुई खिशावरून धावत सुटली. खिसा कायमचा बंद झाला. तिने शांतपणे मशीनवर कापड घातलं आणि भाचीला फोन लावला. "परवा ये गं. टेम्पो आण." हे निरीक्षकांनी ऐकलं. त्यांना वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं. पण वजन कमी भरलं होतं, त्याला ते तरी काय करणार?

डॉक्टरीणबाईंकडे तिघंही गेले. सासूबाईंना घरी ठेवलं तर उरलासुरला पुरावा नाहीसा होईल, म्हणून निरीक्षकांनीच त्यांना बरोबर घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून पाहिला. "सुरुवातीला आकडा किती होता?"

"आठ," बायको म्हणाली. "औषधाने चारवर आला होता. कधी तीन. आता परत आठ."

"चार? अहो, हे तर फारच छान!" डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. "पण बाटल्या आधी कशा संपल्या? सांगितल्यापेक्षा जास्त घेतलं असेल तर हा आकडा मला धरता येणार नाही. आणि औषधही पुढे देता येणार नाही. नियम आहे."

बायकोने खाली मान घातली. "मी नाही घेतलं," एवढंच ती म्हणाली. इतक्या बारीक आवाजात, की निरीक्षकांना आपल्याच छातीत काहीतरी टोचल्यासारखं झालं.

पण खात्याचा माणूस. ते घसा खाकरून पुढे सरकले आणि घडाघडा वजनं सांगायला लागले. सगळी तोंडपाठ. बाटली संध्याकाळी कशी तोलली, बायकोचे दाब कसे वजा केले, काटा कसा नामांकित आहे. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. "आणि एका दाबाचं वजन तुम्हाला कुठून कळलं?"

"रोज तपासत होतो ना!" निरीक्षक अभिमानाने म्हणाले. "रोज सकाळी. पाच दाबांची सरासरी."

"रोज पाच?"

"नियमच आहे."

"आणि ते पाच दाब हिशेबात कुठे धरलेत?"

"ते धरायचे नसतात. तपासणीचा माल परत..." निरीक्षक थांबले. "परत टाकीत..."

"कुठल्या टाकीत?"

बायकोने हळूहळू मान वर केली आणि नवऱ्याकडे अशी पाहू लागली, की निरीक्षकांना जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. चोर सापडला होता. चोराच्या खिशात खात्याचं ओळखपत्र होतं. "मी... मी तुला नाही नाही ते बोललो," ते कसेबसे म्हणाले. "चुकलं माझं. फार चुकलं."

"पण ते औषध वाटीतच राहिलं असेल ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मग त्या वाटीचं काय केलंत?"

तेव्हा इतका वेळ गप्प असलेल्या सासूबाई खुर्चीच्या काठावर आल्या. "अगं बाई! ती पुदिन्याची वाटी?" त्या म्हणाल्या. "ती तर मी रोज यांच्या चहात ओतत होते. गॅसचं औषध विसरतात म्हणून. वाया कशाला घालवायचं?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग त्यांनी निरीक्षकांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "भूक वाढली होती?"

"लादीच्या लादी संपवायचे," सासूबाई म्हणाल्या.

"तोंड कोरडं? उगाच हसू? सगळे आपल्यावर पाळत ठेवतायत असं वाटणं?"

निरीक्षकांना आठवत होता तो कांदेबटाटेवाला, आणि त्याच्या खांद्यावर ठेवलेला आपला हात. कानशिलं तापली होती.

डॉक्टरीणबाईंनी मग झटपट निकाल दिला. रुग्णाने मात्रा तंतोतंत पाळली आहे, गुण उत्तम आहे, औषध चालू राहील. बाटली कुलपात, किल्ली रुग्णाच्या गळ्यात. बायकोने तिथेच फोन काढला आणि भाचीला सांगितलं, "टेम्पो नको आणूस गं. नुसती ये, तुला काजं करायला शिकवते." हे बोलताना ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. निरीक्षकांनी रुमाल पुढे केला. तिने तो घेतलासुद्धा.

"आणि यांचं आजपासून पूर्ण बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एकदम?" सासूबाई काळजीत पडल्या. "हळूहळू कमी केलं तर नाही का चालणार? दोन दाबांवर आणू आधी?"

"आजी, निरोगी माणसाला हे द्यायचं नसतं!" डॉक्टरीणबाई आता खरोखर चिडल्या होत्या. त्या बायकोकडे वळल्या. "कमाल आहे तुमची. घरातला माणूस महिनाभर हसतोय, बोलतोय, तुमचे पाय चेपतोय. यांना काहीतरी झालंय, हे तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही?"

"आलं होतं ना."

"मग मला कळवायचं नाही का?"

बायकोने नवऱ्याच्या रुमालाने डोळे पुसले.

"मला वाटलं," ती म्हणाली, "बरे होतायत."